मला कुठं गाडी येते

कर्जत,
२२ फेब्रुवारी

प्रिय प्रीतमदादा,
सप्रेम जय भीम.

तू फोन ठेवून दिलास म्हणून हे पत्र. नम्रता रोज मोहोपाड्याला कामाला जाते, तिच्या हाती देते आहे. उत्तरही तिच्याच हाती पाठव. फोनवर तू प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेतोस, शिवाय आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं. कागदावर निदान नीट बोलता येईल.

आज विहारात वीस मार्चच्या रॅलीची बैठक झाली. दरवर्षी आपण टेंपो भरून महाडला जातो. या वर्षी मोटरसायकलींनी जायचं, खालापूरच्या मुलांनाही बरोबर घ्यायचं, खोपोली-पाली करत वाकणला हायवेला लागायचं, हे सगळं पटापट ठरलं. अडलं ते पुढच्या गाडीपाशी. पुढच्या गाडीवर मागे एक वयस्क माणूस झेंडा धरून बसणार आणि बाकी सगळ्या गाड्या तिच्याच वेगाने मागून येणार.

कमळाकरकाका एकेकाला विचारत गेले. रोहिदास म्हणाला, "काका, मी अजून शिकतोय." त्याचे केस पिकले गाडी चालवता चालवता! सुनील म्हणाला, "गाडीच मला नेते, मी आपला वर बसतो." आपल्याकडची ही रीतच आहे. जो स्वतःला जास्त कमी लेखेल तो पक्का गाडीवाला, आणि जो तोंडाने "मला येते" म्हणेल त्याच्या मागे कुणी आपली आई-बहीण बसवायची नाही. मग तुला फोन लावला. स्पीकरवर तुझा आवाज आला, "मला कुठं गाडी येते, काका? दुसऱ्या कुणाला तरी द्या, खरंच सांगतो." सगळा विहार हसला. रोहिदास म्हणाला, "बघा! ह्याला म्हणतात ड्रायव्हर." टाळ्या पडल्या, तू फोन ठेवून दिलास आणि ठरून गेलं. पुढची गाडी प्रीतमची, मागे झेंडा घेऊन त्याची आत्या येसूबाई, म्हणजे माझी आई.

मग काकांनी मलाही विचारलं. मी रोज पप्पांची मोटरसायकल घेऊन वाडीवरच्या शाळेत शिकवायला जाते. तो चढ आणि ते दगड तू पाहिले आहेस. तरी रीतीप्रमाणे मीही म्हणाले, "मला फारसं कुठं येतं, काका." कुणी हसलं नाही. काका म्हणाले, "बरं बरं. तू मागून येनाऱ्या पान्याच्या टेंपोत बस." दादा, वाक्य एकच होतं. तुझ्या तोंडी त्याचा मान झाला आणि माझ्या तोंडी ते सगळ्यांना खरं वाटलं. मला वाईट वाटलं, पण तुझ्यासाठी आनंदही झाला.

आई तर जमिनीवर नाही. तिने पांढरं लुगडं आजच बाहेर काढलं.

तुझी,
स्नेहल

•

मोहोपाडा,
२६ फेब्रुवारी

प्रिय स्नेहल,
जय भीम.

पत्र मिळालं. शाळेनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय, हसू नको.

पुढच्या गाडीचं माझ्याच्याने नाही होणार. रोहिदासला द्या, नाहीतर सुनीलला. मी आता पूर्वीसारखा नाही चालवत. मला जमत नाही. हे मी काकांना फोनवर सांगितलं, ते हसले. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतील. तू सांगून बघ.

आत्याला म्हणावं टेंपोत आरामात बस. एवढ्या लांब मोटरसायकलवर कंबर मोडेल.

बाकी ठीक. ड्यूटी आठवड्याने बदलते. फोन करू नकोस, खोलीत आम्ही चौघं असतो.

तुझा,
प्रीतम

•

कर्जत,
१ मार्च

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी वाडीवरच्या शाळेत, मुलं जेवायला गेल्यावर वाचलं आणि खूप वेळ तशीच बसले. आमच्या कॉलेजात लोक दोन कविता केल्या तरी स्वतःला काय काय म्हणवून घ्यायचे. आणि तू! कसाऱ्यापासून गोरेगावपर्यंत गाडी नेलेला माणूस, पावसात बोरघाट उतरलेला माणूस, म्हणतोस की मला जमत नाही. मला तुझा अभिमान वाटतो. पण आता पुरे. नम्रपणाचीही एक वेळ असते. पुढच्या वर्षी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. त्या वाटेवर आपल्या घरातली बाई सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन जाणार आहे. तू मागे राहिलास तर ती कुणाच्या मागे बसेल?

आणि ती टेंपोत बसणार नाही, हे लिहून ठेव. तिने सगळ्या आळीला सांगून झालंय. काल सोनुबाईला म्हणाली, "माज्या भावाचा पोरगा नेतोय मला, म्हनून डोळं मिटून बसनार." मी म्हटलं, डोळे मिटून नको, झेंडा पडेल. झेंडा धरायचा तर तिचे दोन्ही हात वर गुंतणार. तुला धरता येणार नाही. पण तिला त्याची जराही भीती नाही, कारण गाडी तुझी आहे.

एक विचारू? मागच्या महिन्यात तू भाड्याच्या मिनीडोरने आलास. आई म्हणाली गाडी सर्व्हिसिंगला असेल. अजून तिथेच आहे का? पुढच्या रविवारी पालीपर्यंत सराव आहे. गाडी घेऊन ये.

तुझी,
स्नेहल

•

मोहोपाडा,
५ मार्च

स्नेहल,

नीट वाच आणि कुणाला वाचायला देऊ नकोस.

गाडी सर्व्हिसिंगला नाही. खोलीच्या मागे उभी आहे. नाताळच्या आसपास चौकच्या वळणावर खडी पसरलेली होती, तिच्यावर मी पडलो. दिसायला काही झालं नाही, थोडं खरचटलं. मी कुणाला बोललो नाही. पण तेव्हापासून उजव्या हाताची बोटं मरतात. थोडा वेळ ठीक असतं, मग मुंग्या येतात, मग काहीच कळत नाही. ब्रेक दाबलाय की नाही ते हाताला समजत नाही, डोळ्यांनी खाली बघावं लागतं. पनवेलला डॉक्टरला दाखवलं. मनगटात नस दबली आहे म्हणाला, गाडी बंद ठेव म्हणाला.

मी नम्रपणा करत नव्हतो. मी खरं सांगत होतो. आधी रोहिदासला सांगितलं, तो हसला. मग काकांना सांगितलं, ते हसले. मग तुला लिहिलं, तू अभिमान वाटतो म्हणालीस.

हाताचं मात्र बैठकीत सांगायचं नाही. काकांचा मोठा मुलगा आमच्याच ठेकेदाराकडे आहे. मी माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवतो. हाताचं कळलं तर दुसऱ्या दिवशी गेट बंद. आत्यालाही सांगू नकोस, ती आधी रडेल आणि मग सगळ्यांना सांगेल. फक्त एवढंच सांग की प्रीतमला जमणार नाही. तू सांगितलंस की ते मानतील.

प्रीतम

•

कर्जत,
९ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. तू मदत मागत होतास आणि मी तुला भाषण दिलं. हात दाखवून घे, पुन्हा एकदा, मोठ्या दवाखान्यात. आणि फोर्कलिफ्टचं काय? तिथे बोटं मेली तर? तू लिहिलं नाहीस.

काल सरावानंतर बैठक झाली. मी उभी राहून सांगितलं, "प्रीतमदादाला पुढची गाडी जमणार नाही." जसं होतं तसं सांगते.

काका म्हणाले, "का गं? सुट्टी नाय का त्याला?"

मी म्हटलं, "सुट्टी आहे. त्याला जमत नाही."

सुनील म्हणाला, "आता बहिनीच्या तोंडून पन तेच! वा रं पठ्ठ्या!"

"मी खरं सांगते आहे."

"तो पन खरंच सांगतोय बोलला होता," रोहिदास म्हणाला, आणि पुन्हा हसणं. खालापूरच्या एका मुलाने मला विचारलं, "ताई, तुमच्या घरात सगळेच असे का?"

मी कारण सांगू शकत नव्हते, आणि कारणाशिवाय ते वाक्य म्हणजे तेच जुनं वाक्य. दादा, मला वाटायचं की खरं स्पष्ट बोललं की माणसं ऐकतात. मुलांना मी हेच शिकवते. काल मी तेच खरं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि प्रत्येक वेळी तुझा मान वाढत गेला.

मग माझा तोल गेला. मी म्हणाले, "तर मग आईला मी नेते. मला गाडी चांगली येते."

एकदम शांत झालं सगळं. काका म्हणाले, "पोरी, असं बोलू नये." सुनील म्हणाला, "परवा तर येत नव्हती. दोन हप्त्यांत शिकली जनू." बायकांकडे कुणीतरी तोंडाला पदर लावला. आईने मान खाली घातली.

घरी आल्यावर तिने भाकरीचं पीठ मळता मळता मला ऐकवलं. "माज्या भाच्याची जागा पायजे तुला? शिकलीस ती ह्यासाठी?" मी काही बोलले नाही. तू कुणाला सांगू नकोस म्हणाला होतास ना. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

आता काय करू, लवकर लिही.

स्नेहल

•

मोहोपाडा,
१२ मार्च

स्नेहल,

माझ्यामुळे तुला ऐकावं लागलं. आता तू काही बोलू नको.

मी येतो. एवढ्या लोकांना नाही म्हणता येत नाही, आणि आत्याला तर नाहीच. काल गाडी काढली आणि दांडफाट्यापर्यंत जाऊन आलो. जाताना हात ठीक होता. येताना एकदा बोटं गेली, पण मी थांबून हात झटकला, पुन्हा आली. अशीच थांबत थांबत नेली तर महाड होईल. मागचा ब्रेक पायात आहे, तो जास्त वापरीन. हायवेला सावकाश जाईन. आत्याला पडू देणार नाही.

कामाचं तू विचारू नको. तिथे थोडा थोडा वेळ चालवायचं असतं.

प्रीतम

•

कर्जत,
१३ मार्च

दादा,

नाही. तू यायचं नाही.

थांबत थांबत म्हणतोस, पण पुढची गाडी थांबते कशी? सरावाला मी मागून पाहिलं आहे. पुढचा जरा हळू झाला की मागचे एकमेकांच्या अंगावर येतात. आणि ब्रेक लागला की नाही हे बघायला तू खाली बघणार, त्या वेळी सुकेळीच्या खिंडीत समोर कंटेनर असेल. आईचे दोन्ही हात झेंड्याला. मला दोन रात्री हेच दिसतं आहे. वर्गात मुलं पाढे म्हणतात आणि मला तुझा हात दिसतो.

मी खूप विचार केला आणि एकच वाट सापडली. ती मला आवडलेली नाही. मी आजवर कुणाला खोटं बोल म्हणून सांगितलेलं नाही.

तू बढाई मार.

आपल्याकडे "मला येत नाही" म्हटलं की माणूस पक्का ठरतो. मग "माझ्यासारखी कुणालाच येत नाही" म्हटलं तर? मी फक्त "चांगली येते" म्हणाले तर विहार गप्प झाला. तू त्याच्या दहापट बोल. रविवारी बैठक आहे, काका तुला फोन लावणारच आहेत. असं बोल की तुझ्या मागे कुणी आपलं माणूस बसवायला धजणार नाही. हाताचं कळणार नाही, नोकरी राहील आणि आई सुटेल.

लोक तुला नावं ठेवतील. त्याचं मला फार वाईट वाटतं आहे. तरी कर.

स्नेहल

•

मोहोपाडा,
१६ मार्च

प्रिय स्नेहल,

केलं. तू ऐकलंसच, पण मला कुणाला तरी सांगायचं आहे.

फोन आला तेव्हा मी कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर होतो. काका म्हणाले, "प्रीतम, तयारी झाली ना रं?" मी म्हटलं, "काका, तयारी कसली? रायगड जिल्ह्यात माझ्यासारखा गाडीवाला दाखवा. महाडला मी एका हाताने नेतो. आत्याला म्हणावं झेंडा सोडून झोपली तरी चालेल." टपरीवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी थांबलोच नाही. म्हटलं, "रोहिदासला सांगा माझ्या मागे राहायचं आणि शिकायचं." मग काका एवढंच म्हणाले, "पोरा, तुझ्या डोक्यात हवा गेली रं," आणि फोन बंद.

काका मला लहानपणापासून ओळखतात. एवढ्या वर्षांत जे नाव कमावलं ते एका चहात गेलं.

पण तुला एक सांगतो. बोलताना मला बरं वाटलं. वाटलं, हे सगळं खरं असतं तर. आणि आणखी एक. मी ठेकेदाराचं कारण दिलं ते खरंच आहे, पण पूर्ण नाही. "मला कुठं गाडी येते" असं मी पहिल्यांदा फोनवर म्हणालो, तेव्हा मला माहीत होतं की कुणी मानणार नाही. म्हणून तर म्हणता आलं. ते मानणार असते तर माझ्या तोंडून निघालं नसतं. गर्विष्ठ म्हटलं तर चालतं गं. हात गेला म्हटलेलं नाही चालत.

आता पुढची गाडी कुणाची ते लगेच कळव. आत्या काय म्हणाली?

प्रीतम

•

कर्जत,
१७ मार्च

प्रिय दादा,

फोन बंद झाल्यावर सगळ्यांत आधी रोहिदास बोलला. "मला शिकवनार? हा?" त्याचा चेहरा पडला होता. सुनील म्हणाला, "पैशाची मस्ती, दुसरं काय. कंपनीत लागला ना." मला ओरडून सगळं सांगावंसं वाटलं. मी तुझं पत्र आठवून गप्प राहिले.

काकांनी पुढची गाडी सुनीलला दिली. सुनील हसून म्हणाला, "मला कुठं येते, काका?" आणि सगळ्यांच्या माना डोलल्या. मला मात्र प्रश्न पडला. हे नुसतं बोलणं आहे की त्यालाही काही होतं आहे? कसं ओळखायचं? मी त्याच्या हातांकडे, डोळ्यांकडे बघत बसले. आजवर ज्या ज्या माणसाने असं म्हटलं त्या सगळ्यांचा मला संशय यायला लागला आहे.

तेवढ्यात आई उठली. तिला बैठकीत बोलायची सवय नाही, तू जाणतोस. म्हणाली, "मला सुनीलच्या मागं नाय बसायचं."

काका म्हणाले, "मग काय टेंपोत बसता?"

"टेंपोत पन नाय." मग ती माझ्याकडे वळली. सगळ्यांच्या समोर विचारलं, "तुला येते का गं? हसू नको नि लाजू नको. येते का?"

मी म्हटलं, "येते."

"माजे दोन हात झेंड्याला असतील."

"मला माहीत आहे. तरी येते."

"मग मी हिच्या मागं बसते. मागच्या रांगेत."

काका म्हणाले, "येसूबाई, झेंडा पुढं पायजे. मागच्या रांगेत झेंडा चालत नाय."

आई म्हणाली, "झेंडा माज्या हातात हाय. मी जिच्या मागं बसंन ती पुढची गाडी. तुमाला मागं यायचं तर या."

भागूबाईने बायकांमधून "जय भीम" म्हटलं, आणि मग सगळ्यांनाच म्हणावं लागलं.

घरी येताना मी आईला विचारलं, तुला दादाचा राग आला का? म्हणाली, "त्यो कधी असा बोलत नाय. त्याला कायतरी झालंय. तुला ठावं हाय, मला नको सांगू." एवढंच.

दादा, मी खूप घाबरले आहे. "येते" म्हणून बसले आहे. आता ते खरं करायचं आहे.

स्नेहल

•

कर्जत,
२२ मार्च

प्रिय प्रीतमदादा,
सप्रेम जय भीम.

पोचलो आणि परतही आलो. आई सुखरूप आहे, हे आधी.

पालीपर्यंत मी आरशात बघितलंसुद्धा नाही, एवढी ताठरले होते. आईने मला कुठेच धरलेलं नव्हतं, फक्त तिचे गुडघे माझ्या कमरेला लागत होते. मी वळण घेतलं की ते घट्ट व्हायचे आणि सरळ रस्त्याला सैल. हायवेला झेंड्यात वारा भरायचा आणि गाडी एका बाजूला ओढली जायची, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. खिंडीत मोठा ट्रेलर अगदी जवळून गेला. झेंडा जोरात फडफडला, गाडी हलली, आणि आई मागून ओरडली, "नीट!" त्यानंतर माणगाव येईपर्यंत मी वेग वाढवलाच नाही. तुझी आठवण मला प्रत्येक ब्रेकला आली. माझ्या बोटांना कळत होतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा ब्रेक चाचपून बघत होते.

तळ्यावर गर्दीत तासन्तास उभे राहिलो. आईने ओंजळीत पाणी घेतलं, प्यायली आणि उरलेलं माझ्या डोक्यावर ओतलं. ती रडत नव्हती. मीच रडत होते.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. दिवस कलायला लागला तशा सगळ्या गाड्या परतायला उभ्या राहिल्या. काका मोठ्या खुशीत होते. म्हणाले, "चल पोरी, काढ पुढची गाडी." माझे हात खांद्यापासून थरथरत होते. मी म्हणाले, "काका, आता मला नाही जमणार."

आणि दादा, सगळे हसले.

रोहिदास म्हणाला, "झाली! ही पन ड्रायव्हर झाली!" सुनीलने टाळ्या वाजवल्या. तुझ्यासाठी वाजवल्या होत्या तशाच. तुला खोटं वाटेल, पण मला क्षणभर फार बरं वाटलं. फेब्रुवारीपासून मला हेच तर हवं होतं की माझ्याही त्या वाक्यावर कुणी हसावं. आता फक्त आपणही हसायचं आणि गाडीला किक मारायची, एवढंच उरलं होतं. माझा पाय किकवर गेलाही होता. त्या क्षणी मला कळलं की तू त्या दिवशी फोन का ठेवून दिलास.

मी पाय खाली घेतला. गाडी स्टँडवर लावली, आईला उतरवलं आणि दोन्ही हात काकांच्या समोर धरले. म्हटलं, "काका, मी हसत नाही. हे बघा. मी दमले आहे. मला येते, पण आज आता येत नाही. मी आईला अंधारात नेणार नाही."

काकांनी माझे हात बघितले. ते कसे हलत होते ते सगळ्यांनीच बघितलं. मला वाटलं, आता टेंपोत बस म्हणतील, आणि पुन्हा कधी मला गाडीपाशी उभं करणार नाहीत.

मग रोहिदास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "काका, मला पन समोरच्या लायटीनं काय दिसत नाय. दोन वर्सं झाली." काकांनी विचारलं, "मग बोलला का नायस?" रोहिदास म्हणाला, "बोललो ना. दर टायमाला बोलतो, मला कुठं येते म्हनून."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, "सकाळी निघू." आम्ही सगळे महाडलाच एका मंगल कार्यालयाच्या ओट्यावर झोपलो आणि उजाडल्यावर सावकाश आलो.

तुझ्याबद्दल लोक अजून वाईट बोलतात. काल रोहिदासच म्हणाला की प्रीतमला फार चढली आहे. मी काही बोलले नाही, कारण ते तुझं आहे, माझं नाही. पण मला ते ऐकवत नाही. आणि त्या फोर्कलिफ्टची भीती माझ्या मनातून जात नाही. तिच्या पुढून माणसं चालत असतील ना?

तुझी,
स्नेहल

•

मोहोपाडा,
२६ मार्च

प्रिय स्नेहल,
जय भीम.

तुझं पत्र नम्रताने गेटवर दिलं. ड्यूटी सुरू व्हायची होती. मी ते तिथेच उभा राहून वाचलं आणि फोर्कलिफ्टवर चढलो नाही. सुपरवायझरला म्हटलं, हात चालत नाही. तो हसला. म्हणाला, "तुझा हात चालत नाय तर कुनाचा चालतो?" मग मी बोटं मरेपर्यंत त्याच्यासमोर मूठ आवळून धरली आणि म्हटलं, आता माझ्या बोटावर पेन टोच. त्याने टोचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, हाताकडे नाही. कधी टोचलं ते मला कळलं नाही. त्याचं हसू गेलं.

आज मला घरी पाठवलं आहे. ठेकेदार सोमवारी बोलवतो म्हणाला. कामावर ठेवतो की नाही, माहीत नाही. झोप लागत नाही.

रविवारी विहारात येतो. आत्याला सांग, मिनीडोरने येतोय. काकांना आणि रोहिदासला थांबवून ठेव. मी बोलायला लागलो की कुणी हसेल. तू समोर बस आणि हसू नकोस.

तुझा,
प्रीतम